लक्ष्मीबाईंचं मंगळसूत्र आणि कॉलेजची फी

आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दानं आपल्याला लहानपणापासून पाठ असतात. आहारदान म्हटलं की मुनिमहाराजांसाठी मांडलेला चौका डोळ्यांपुढे येतो, शास्त्रदान म्हटलं की छापून वाटलेला ग्रंथ. पण ओढगस्तीच्या घरातल्या मुलाला शिकता यावं म्हणून त्याच्या जेवणाची आणि फीची सोय करणं, यात ही दोन्ही दानं एकत्र येतात. आपल्या समाजाला हे सव्वाशे वर्षांपूर्वीच उमगलं. त्याचा इतिहास सांगताना देणगीदार शेठजींची नावं येतात, आणि ती यायलाच हवीत. चुलीपाशी उभ्या राहिलेल्या बाईचं नाव मात्र मागं राहतं.

1899 साली निपाणीजवळच्या स्तवनिधी क्षेत्रावर दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली. आपल्या भागातले बहुतेक जैन शेतकरी. पुढं शिकायचं तर कोल्हापूर, सांगली किंवा बेळगाव गाठायचं. तिथं राहायचं कुठं आणि खायचं काय? या प्रश्नाचं उत्तर म्हणजे बोर्डिंग. मुंबईचे शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी अशा बोर्डिंगांना सढळ हातानं मदत केली. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पाठबळानं 1901 साली जैन बोर्डिंग उभं राहिलं.

याच बोर्डिंगात कुंभोजचा एक पाटलाचा मुलगा राहायला आला. भाऊराव पायगोंडा पाटील. पुढं सगळा महाराष्ट्र ज्यांना कर्मवीर म्हणू लागला, ते हेच. अस्पृश्य मुलांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर आंघोळ केल्याशिवाय पंगतीला बसायचं नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी ऐकलं नाही आणि बोर्डिंग सोडावं लागलं. तेव्हा बोर्डिंगची व्यवस्था पाहणारे अण्णासाहेब लठ्ठे हे काही लहान मनाचे गृहस्थ नव्हते. सभेच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा, शिक्षणाची त्यांना कळकळ. तरी पंगतीपाशी येऊन गाडं अडलं. मदत मिळते, पण मदतीबरोबर अटही येते, हे भाऊराव तिथं शिकले असणार.

1919 साली त्यांनी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, सगळी मुलं एका छपराखाली आणि एका पंगतीत. 1927 साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं.

आता त्या स्वयंपाकघरात डोकावून बघा. लक्ष्मीबाई सोवळंओवळं कडक पाळणाऱ्या जैन घरातल्या. जो धर्म त्यांना माहेरी शिकवला, त्यात कुणाच्या हातचं खायचं, कुणाला कुठवर येऊ द्यायचं, याचे नियम ठरलेले. नवऱ्यानं समाजसुधारणा करायची ती सभेत, चव्हाट्यावर. बाईला ती करावी लागते पिठाच्या परातीपाशी, रोज, दोन्ही वेळा. लक्ष्मीबाईंनी ती केली. हळूहळू सगळ्या जातींची ती पोरं त्यांची झाली. बोर्डिंगच्या खर्चापायी अंगावरचे दागिने एकेक करून गेले. एकदा भाऊराव बाहेरगावी होते आणि कोठीत दाणा उरला नव्हता. पोरं उपाशी झोपणार, हे दिसताच त्यांनी गळ्यातलं मंगळसूत्र काढून दिलं आणि धान्य आणवलं. त्या काळी सवाष्ण बाईनं मंगळसूत्र उतरवायचं म्हणजे काय, हे तुम्हाला मला सांगायला नको. 1930 साली त्या गेल्या.

पुढं त्यांच्याच नावानं शिक्षणोत्तेजक पतपेढी निघाली. गरीब, हुशार मुलांना वरच्या शिक्षणासाठी तिथून कर्ज मिळू लागलं. भीक नाही, कर्ज. शिकायचं, मिळवतं व्हायचं, फेडायचं, म्हणजे तोच पैसा पुढच्या मुलाच्या कामी येतो. 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं. तिथंही रीत तीच, कमवा आणि शिका. अंगमेहनत करून पोरं पदवीधर झाली, आणि आपण कुणाचे मिंधे नाही, ही भावना घेऊन बाहेर पडली. शाहू बोर्डिंगमध्ये वाढलेले पी. जी. पाटील लंडनला जाऊन बॅरिस्टर झाले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. कर्मवीरांचं मोठं इंग्रजी चरित्र त्यांनीच लिहिलं. ज्याला घास भरवला त्यानंच घास देणाऱ्यांची आठवण लिहून ठेवली.

हे सगळं आज सांगायचं कारण आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा म्हटलं की आपल्यातल्या कितीतरी आया मागं सरतात. उत्पन्नाचा दाखला काढायची लाज, मंदिरात चार बायका काय म्हणतील याची धास्ती. मुलगी असेल तर अजून एक वाक्य ठरलेलं, ‘एवढं शिकवून पुढं लग्नाला कुठनं आणायचं?’ मग बी.एस्सी.ची जागा मिळालेली पोर घरी बसते.

देणाऱ्यांकडूनही चुकतं. पंचकल्याणकात सवाल चढत जातो, लाखांच्या घरात बोली होते, सगळे टाळ्या वाजवतात. तिथंच मुलांच्या फीसाठी पावतीपुस्तक फिरलं की हात आखडतो. आणि मदत दिलीच तर त्या पोराला स्टेजवर बोलावून, पाकीट हातात देऊन फोटो काढायचा. लक्ष्मीबाईंच्या पंगतीत बसलेल्या पोरांना कुणी असं उभं केलं नव्हतं. त्यांना फक्त ताट वाढलं होतं.

म्हणून दोन गोष्टी करूया. घरात गरज असेल तर दाखला काढा, अर्ज करा, मुलीचाही करा. आणि हाती चार पैसे असतील तर वर्षाला एका मुलीची फी भरा, तिचं नाव कुणाला न सांगता.