थेरीगाथा : भिक्षुणींची स्ववाणी

संसार सोडून धर्माच्या वाटेनें निघालेल्या स्त्रियांविषयीं जगाच्या वाङ्मयांत पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु त्यांतील बहुतेक लेखन पुरुषांचें. संन्यासिनी कधीं पूज्य म्हणून, कधीं कीव करण्याजोगी म्हणून, तर कधीं कपटी म्हणून रंगविली गेली. ती स्वतः काय म्हणाली, हें ऐकावयास मिळण्याचे प्रसंग फार थोडे. अशा थोड्या प्रसंगांत अग्रमान पालि भाषेंतील ‘थेरीगाथा’ या ग्रंथास द्यावा लागेल. त्रिपिटकाच्या खुद्दकनिकायांतील हा नववा ग्रंथ. त्यांत ७३ काव्यें असून गाथांची संख्या सुमारें ५२२ आहे. थेरी म्हणजे स्थविरा, संघांतील वडीलधारी भिक्षुणी. स्त्रियांची वाणी म्हणून जपले गेलेले जे अतिप्राचीन काव्यसंग्रह जगांत आहेत, त्यांत याची गणना होते.

भिक्षुणीसंघाची स्थापना सहजासहजीं झाली नाहीं. महाप्रजापती गौतमी ही बुद्धाची मावशी आणि सावत्र आई. मायादेवी वारल्यावर तिनेंच त्या बालकास वाढविलें. तिनें कपिलवस्तूस तीन वेळां प्रव्रज्या मागितली व तीनही वेळां तिला नकार मिळाला. मग केस कापून, काषाय वस्त्रें धारण करून, अनेक शाक्य स्त्रियांसह ती पायीं वैशालीस गेली. पाय सुजलेले, अंग धुळीनें माखलेलें, डोळ्यांत आंसवें, अशा स्थितींत ती दाराबाहेर उभी असतां आनंदानें तिला पाहिलें. स्त्रीला अर्हत्पद प्राप्त होऊं शकतें कीं नाहीं, असा प्रश्न त्यानें बुद्धास केला. होऊं शकतें, असें उत्तर आलें; आणि तें उत्तर आल्यावर नकार टिकणें कठीण होतें.

अनुज्ञा मिळाली, परंतु आठ गुरुधर्मांच्या अटीवर. त्यांतील पहिला असा कीं, दीक्षा घेऊन शंभर वर्षें लोटलेल्या भिक्षुणीनेंही त्याच दिवशीं दीक्षित झालेल्या भिक्षूस वंदन करावें. वंदन ज्येष्ठतेप्रमाणें व्हावें अशी विनंती गौतमीनें पुढें केली व ती मान्य झाली नाहीं, असेंही विनयपिटकांतच नमूद आहे. हे नियम मूळचे कीं मागाहून जोडलेले, याविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. मुक्तीचा अधिकार समान, पण संघांतील आसन खालचें, अशी ही गांठ तेव्हां पडली. ती अद्यापि पुरती सुटलेली नाहीं.

आतां या संघांत आलेल्या स्त्रिया कोण होत्या तें पाहावें. राजकन्या होत्या, श्रेष्ठींच्या मुली होत्या, तशाच दासी, भिकारणी आणि गणिकाही होत्या. मुत्ता नांवाची थेरी आपण तीन वांकड्या वस्तूंपासून सुटलों असें सांगते : उखळ, मुसळ आणि कुबडा नवरा. सुमंगलाची आई छत्र्या करणाऱ्या नवऱ्याचा आणि स्वयंपाकघरांतील भांड्यांचा उल्लेख करून सुटकेचा निःश्वास टाकते. निर्वाणाच्या काव्यांत उखळ-मुसळ यावें, हें पंडितांच्या कल्पनेंतून सुचण्यासारखें नव्हे. तें रोज कांडणाऱ्या हातांनाच सुचतें.

पुण्णिका ही पाणी वाहणारी दासी. मालकिणीच्या शिव्यांच्या भयानें ती थंडींतही नदींत उतरे. तेथें पापक्षालनासाठीं कुडकुडत स्नान करणारा एक ब्राह्मण तिला भेटतो. पाण्यानें पाप धुतलें जात असेल तर बेडूक, कांसवें आणि मगरी आधींच स्वर्गास गेल्या असत्या, असें ती त्यास ऐकविते. दासी येथें गुरु होते आणि ब्राह्मण शिष्य. सोमेची कथा याहून लहान, पण तितकीच धारदार. मार तिला म्हणतो कीं, दोन बोटांपुरती अक्कल असलेल्या स्त्रीला तें पद कसें मिळणार? भात शिजला कीं नाहीं हें बायका दोन बोटांनीं दाबून पाहतात, त्यावरून हा टोमणा. चित्त एकाग्र झालें असतां स्त्रीत्वानें काय अडतें, हें सोमेचें उत्तर.

पटाचारेचा नवरा, दोन्ही मुलें व आईबाप थोड्याच अवधींत मृत्यु पावले आणि ती वेडी होऊन भटकूं लागली, अशी कथा धम्मपालाच्या टीकेंत आहे. तिच्या गाथांत मात्र आक्रोश नाहीं. पाय धुतलेलें पाणी उंचावरून सखल जागीं वाहत गेलेलें ती पाहते. रात्रीं दिव्याची वात सुईनें खालीं ओढते. आणि दिवा विझतां विझतां तिचें चित्त मुक्त होतें. वैशालीची गणिका अंबपाली आपल्या देहाचें एकेक अंग घेऊन पूर्वींचें सौंदर्य व आतांची जरा शेजारीं शेजारीं मांडते. ज्या देहाची स्तुति इतरांनीं केली, त्याचा हिशेब येथें ती स्वतःच मांडीत आहे.

या गाथा खरोखर स्त्रियांच्याच काय, अशी शंका कांहीं पंडितांनीं घेतली. सर्वच गाथा बुद्धकालीन नाहींत, हें खरें. इसिदासीचें काव्य पाटलिपुत्रांत घडतें, म्हणजे तें उत्तरकालीन होय. परंतु इ. स. १९०९ मध्यें या ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर करणाऱ्या श्रीमती ऱ्हाइस डेव्हिड्स यांनीं एक मार्मिक गोष्ट दाखविली. भिक्षूंच्या गाथांपेक्षां भिक्षुणींच्या गाथांत मोकळें झाल्याचा, सुटल्याचा उद्गार प्रमाणानें अधिक आहे. ज्यांचें बंधन अधिक, त्यांनाच सुटकेची गोडी अधिक कळावी, हें स्वाभाविक आहे.

पुढील संस्कृत वाङ्मयांत हा आवाज ऐकूं येत नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत परिव्राजिका गुप्तहेर म्हणून येते, तर कामसूत्रांत भिक्षुकी प्रेमिकांची दूती म्हणून. ‘मालविकाग्निमित्रां’तील परिव्राजिका कौशिकी विदुषी आहे, पण तिची विद्वत्ता राजाच्या प्रेमप्रकरणाच्या कामीं येते. विदर्भांतील पद्मपूरच्या घराण्यांत जन्मलेल्या भवभूतीनें ‘मालतीमाधवां’त कामंदकी ही बौद्ध भिक्षुणी मोठ्या आदरानें रंगविली, तथापि तिचेंही मुख्य कार्य विवाह जुळविणें हेंच. जिनें संसार सोडला, तिला वाङ्मयानें पुनः दुसऱ्यांच्या संसाराच्या कामास लावलें.

दगडावरील साक्ष मात्र निराळी आहे. आपल्या कार्ले, कान्हेरी व कुडे येथील लेण्यांत भिक्षुणींनीं दिलेल्या दानांचे लेख कोरलेले आहेत. कुड्याच्या एका लेखांत पदुमनिका या प्रव्रजितेनें लेणें दान दिल्याचें नमूद असून तिची आईही प्रव्रजिताच होती. या स्त्रियांना नांव होतें, शिष्या होत्या, आणि डोंगरांत लेणें कोरविण्याइतकी पतही होती. पुढें तेराव्या शतकांत चक्रधरांच्या पंथांतील महदाइसेनें धवळे रचले, आणि मराठीच्या आद्य कवयित्रीचा मान विरक्त स्त्रीकडेच गेला.

भारतांतील भिक्षुणीसंघ कालांतरानें लुप्त झाला. अशोकाची कन्या संघमित्रा हिनें लंकेंत नेलेली परंपराही अकराव्या शतकांतील चोलांच्या स्वाऱ्यांनंतर खंडित झाली. परंतु तत्पूर्वीं, पांचव्या शतकांत, लंकेच्या कांहीं भिक्षुणी समुद्रमार्गें चीनला गेल्या होत्या आणि तेथील स्त्रियांना त्यांनीं विधिपूर्वक दीक्षा दिली होती. ती ज्योत पूर्वेकडे तेवत राहिली. इ. स. १९९६ मध्यें सारनाथ येथें कोरियन संघाच्या साह्यानें आणि १९९८ मध्यें बुद्धगयेस लंकेंतील स्त्रियांना पुनः उपसंपदा मिळाली. दिलेलें कर्ज सुमारें साडेपंधराशें वर्षांनीं परत यावें, तशीच ही घटना. थेरवादी देशांतील सर्व भिक्षूंनीं तिला अद्यापि मान्यता दिलेली नाहीं. गौतमीचें दाराबाहेर उभें राहणें अजून संपलेलें नाहीं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं इ. स. १९५१ मध्यें ‘महाबोधि’ मासिकांत असें प्रतिपादन केलें कीं, प्रव्रज्येचा अधिकार देऊन बुद्धानें स्त्रीस ज्ञानाचाच अधिकार दिला. त्या अधिकाराचें फळ काय, हें पाहावयाचें असल्यास थेरीगाथा उघडावी. तेथें कांडणारी, पाणी वाहणारी, पुत्रशोकानें पोळलेली स्त्री आपल्या शब्दांत आपली गोष्ट सांगत आहे, आणि ती ऐकण्यास कोणा मध्यस्थाची गरज लागत नाहीं.