नावातला ळ

भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला व ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. करार झाला तेव्हा दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपूर राजधानी असलेल्या राज्यातून चालत असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि दुर्ग नव्या मध्य प्रदेशात राहिला. २००० साली तो छत्तीसगडात आला. मराठी माणसाचा या भूमीशी संबंध मात्र याहून जुना आहे. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले रतनपुराहून छत्तीसगडचा कारभार पाहत होते.

अशा गावी काळे आडनावाच्या मराठी कुटुंबावर एक लहानसे संकट ओढवते. हिंदी कचेरीतील लेखनिक सवयीने 'काले' लिहून जातो. ही चूक माणसाची. ती सांगून दुरुस्त होते. परंतु जेव्हा अर्ज कागदावर न भरता संगणकाच्या पडद्यावर भरला जाऊ लागला, तेव्हा नावाला निराळाच धोका निर्माण झाला.

संगणकाला अक्षर ठाऊक नसते. त्याला केवळ अंक कळतात. कोणत्या अंकाने कोणते अक्षर समजावे, हा संकेत माणसांनी ठरवावयाचा असतो. अमेरिकेत १९६३ साली ठरलेल्या 'आस्की' संकेतात १२८ जागा होत्या आणि त्या रोमन लिपीपुरत्याच होत्या. भिलाई उभारणाऱ्या रशियन तंत्रज्ञांच्या मायदेशातही पुढे हीच अडचण आली. त्यांच्या लिपीसाठी एकाहून अधिक संकेत प्रचारात आले आणि एका संकेतात लिहिलेले पत्र दुसऱ्यात उघडले की निरर्थक चिन्हांचा गुंता दिसे. त्याला त्यांनी 'क्राकोझ्याब्री' असे गमतीदार नाव दिले.

भारतात भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली 'इस्की' हा प्रमाणित संकेत प्रसिद्ध केला. त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांसाठी योजलेल्या 'युनिकोड'ची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या आराखड्यावर बेतलेली होती. हिंदीला ज्याची फारशी गरज पडत नाही, त्या ळ ला तेथे स्वतंत्र जागा मिळाली. १९९२ साली केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी 'यूटीएफ-८' ही पद्धत रचली. तिच्यात ळ हे अक्षर २२४, १६४ आणि १७९ या तीन अंकांनी लिहिले जाते.

तथापि संकेत ठरल्याने काम संपत नाही. पाठविणारा आणि घेणारा या दोघांनी एकच संकेत मानला पाहिजे. अर्ज पाठविताना यूटीएफ-८ वापरला आणि घेणाऱ्या यंत्राने तो पश्चिम युरोपीय संकेताने वाचला, तर त्या एका ळ च्या जागी तीन चिन्हे उमटतात: डोक्यावर तिरपी रेघ असलेले रोमन ए, चलनाचे एक चिन्ह आणि वर चढविलेला तीनचा आकडा. एवढ्यावर भागले तर ठीक. मूळ अंक शाबूत असल्याने नाव परत मिळविता येते. पण ज्या संकेतात ळ नाहीच, त्यात ते बळेच उतरविले, तर यंत्र तेथे प्रश्नचिन्ह ठेवते. मग मूळ अक्षर कायमचे गेले. 'काळे' आणि 'काणे' यांची प्रश्नचिन्हे तंतोतंत सारखीच असतात.

म्हणूनच १९९७ साली अर्जाच्या रचनेतच संकेताचे नाव लिहिण्याची सोय झाली. जावा भाषेत लिहिलेल्या कार्यक्रमांत, आलेला मजकूर कोणत्या संकेताने वाचावा हे सांगण्याची आज्ञा २००१ साली आली. मात्र ती आज्ञा अर्जातील पहिला रकाना वाचण्यापूर्वी द्यावी लागते. एकदा चुकीच्या संकेताने वाचन झाले की नंतर दिलेली आज्ञा निष्फळ ठरते. कार्यक्रम लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ही एक ओळ. ती राहून गेली तरी त्याच्या रोमन नावाला काहीच होत नाही, आणि त्यामुळेच चूक त्याच्या ध्यानात येत नाही.

शिधापत्रिका, निवृत्तिवेतन, मुलाचा शाळाप्रवेश या साऱ्यांसाठी दोन कागदांवरील नावे जुळावी लागतात. प्रश्नचिन्हाने भरलेले नाव कशाशीही जुळत नाही. तेव्हा परप्रांती राहणाऱ्या मराठी माणसाचे नाव त्याच्याच अक्षरांत टिकविण्याचा भार काही अंशी त्या अनामिक कार्यक्रमलेखकावर असतो. अर्जाची परीक्षा घेताना त्याने एकदा 'काळे' हे नाव भरून पाहावे, इतकेच पुरेसे आहे.