साओ पाउलो : नवख्या प्रवाशाचे पहिले दिवस

साओ पाउलो हे दक्षिण अमेरिकेतील सर्वांत मोठे शहर असून ब्राझीलमधील याच नावाच्या राज्याची ते राजधानी आहे. शहराची लोकसंख्या सुमारे 1.15 कोटी (2022) असून उपनगरे धरली तर ती दोन कोटींच्या वर जाते. शहर सुमारे 760 मीटर उंचीच्या पठारावर आहे. सांतुस बंदर घाट उतरून सुमारे 70 किलोमीटरवर. 25 जानेवारी 1554 रोजी जेझुइट पाद्र्यांनी येथे एक धर्मशिक्षणाची शाळा काढली, तीच शहराची सुरुवात मानतात. पुढची तीनशे वर्षे मात्र हे आडगावच होते. 1872 च्या जनगणनेत येथे जेमतेम 31 हजार माणसे होती, 1900 मध्ये ती सुमारे 2 लाख 40 हजार झाली. अवघ्या 28 वर्षांत ही माणसे आली कुठून, हे पाहिल्याशिवाय शहर उमगत नाही. म्हणून पाहुण्याने पहिले दोन-तीन दिवस प्रसिद्ध स्थळांच्या यादीमागे न धावता, माणसे ज्या वाटेने येथे आली त्या वाटेवर घालवावेत.

ही वाट कॉफीने पाडली. 1867 मध्ये इंग्रजी भांडवलाने सांतुस ते जुंदियाई हा लोहमार्ग सुरू झाला आणि आतल्या मळ्यांतली कॉफी बंदरावर उतरू लागली. 13 मे 1888 रोजी गुलामगिरी कायद्याने संपली. मळेवाल्यांना मजूर हवे होते, म्हणून सरकारी खर्चाने इटलीतून कुटुंबेच्या कुटुंबे आणली गेली. त्यांच्यासाठी ब्रास भागात 1887 मध्ये उघडलेले उतारूगृह 1978 पर्यंत चालू होते. सुमारे 25 लाख लोक त्यातून पुढे गेले. त्या वास्तूत आज स्थलांतर संग्रहालय आहे, आणि पहिला अख्खा दिवस द्यावा अशी जागा शहरात हीच. मळ्यांवरचे हाल इतके कानावर आले, की 1902 मध्ये इटलीने ब्राझीलला फुकट तिकिटावर माणसे पाठवण्यास बंदी घातली. मळा सोडून शहरात आलेल्यांनी ब्रास आणि शेजारच्या मूकाचे कारखाने भरले. 1917 चा मोठा संप मूकातल्याच एका कापड गिरणीतून पेटला. जपानी लोक 18 जून 1908 रोजी ‘कासातो मारू’ जहाजाने सांतुसला उतरले. लूझ, से आणि लिबर्दादे ही स्थानके मेट्रोच्या एकाच निळ्या मार्गावर आहेत. 1901 चे लूझ स्थानक, शहराचा मूळ गाभा आणि लिबर्दादेतली जपानी वस्ती एका दिवसात पायाखाली येते.

युरोपातून येणारा ओघ आटल्यावर, 1930 नंतर, ईशान्य ब्राझीलच्या दुष्काळी पट्ट्यातून माणसे येऊ लागली, मालट्रकमध्ये फळ्यांवर बसून. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले लुला 1952 मध्ये सात वर्षांचे असताना आईबरोबर असाच 13 दिवसांचा प्रवास करून आधी किनाऱ्यावर आणि नंतर शहरात आले. बीड जिल्ह्यातील वाचकाला हे परके वाटायचे कारण नाही. तिथल्या केज तालुक्यातूनही मुकादमाची उचल घेऊन जोडपी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला, कोयत्यावर जातात. साओ पाउलो राज्य तर ब्राझीलमधला सर्वांत मोठा ऊस-उत्पादक. तिथेही ईशान्येकडच्या मजुरांनी वर्षानुवर्षे ऊस तोडला. फरक पुढे पडतो. गाळप संपले की आपली टोळी परत फिरते, कोप्या मोडतात आणि कारखान्याच्या गावात तिची खूण राहत नाही. ईशान्येचे पुष्कळ लोक साओ पाउलोत राहिले, त्यांनी वस्त्या उठवल्या, कामगार संघटना उभ्या केल्या. शहराच्या कडेच्या अफाट झोपडपट्ट्याही याच राहण्याचा भाग आहेत, हे विसरून कौतुक करू नये.

या वाटेने फिरण्यावर पहिला आक्षेप असा, की हवेशीर पाउलिस्टा मार्ग आणि लीना बो बार्दी यांनी आराखडा केलेले, 1968 चे अधांतरी कलासंग्रहालय सोडून जुन्या गल्ल्यांत का फिरायचे? पण 1891 मध्ये खुला झालेला तो मार्गही कॉफीवाल्यांच्या वाड्यांसाठीच होता. ब्रास पाहून तिथे गेलेल्याला तो पैसा कुठून आला ते ठाऊक असते. दुसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि तो खरा आहे. लूझच्या आसपास अमली पदार्थांच्या विळख्यातले लोक वर्षानुवर्षे रस्त्यावर राहत आले आहेत. तिथे दिवसा, मेट्रोने, मोबाइल खिशात ठेवून जावे. अंधार पडल्यावर जाऊ नये. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे : आलेल्यांची कथा सांगताना, साखळदंडाने आणलेल्यांची कथा झाकली जाते. लिबर्दादेत जपानी कंदील लागण्याच्या कितीतरी आधी तिथे फाशीचा चौक होता, आणि गुलाम व फाशी गेलेले जिथे पुरले जात त्या दफनभूमीचे आफ्लीतुस नावाचे छोटे देऊळ अजून एका बोळात उभे आहे. ते न पाहता लिबर्दादेहून परतणे म्हणजे अर्धीच वाट चालणे.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा उन्हाळा आणि पावसाळाही. जून-जुलैत हवा गार व कोरडी असते. स्थलांतर संग्रहालय सोमवारी बंद असते, पाउलिस्टा मार्ग रविवारी वाहनांना बंद आणि पायी फिरणाऱ्यांना मोकळा. ब्राझीलहून परतणाऱ्याकडे भारतात पीतज्वराच्या लसीचा दाखला मागतात. ही लस निघण्याच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते.