मायन्याचा संक्षेप : मोडी पत्र आणि भ्रमणध्वनी

पेशवाईच्या उत्तरार्धात नाशिकजवळ गंगापूर येथे गोपिकाबाईंचे वास्तव्य होते आणि पुणे दरबाराशी त्यांचा पत्रव्यवहार चाले. त्या काळच्या मराठी पत्रात ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री’पासून ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’पर्यंत मायना संपल्यावाचून मजकुराला आरंभ होत नसे. रूढीने त्याचा ‘रा. रा.’, ‘सा. न. वि. वि.’ असा संक्षेप झाला. मुसलमानी महिन्याची तारीख देताना अंकापूर्वी नुसते ‘छ’ येई. सन तर पुष्कळदा गाळलाच जाई. कारण तो उभयपक्षी ठाऊक असे.

भ्रमणध्वनीच्या जाळ्यातील प्रश्न याच जातीचा होय. इंटरनेटच्या रीतीने बोलणे पाठविताना आवाजाचे सेकंदास ५० तुकडे, म्हणजे पॅकेटे, होतात व प्रत्येकावर ‘हेडर’, म्हणजे यंत्राचा मायना, चढतो. नित्याच्या १२.२ किलोबिट दराने एका पॅकेटात आवाज सुमारे ३१ बाइट भरतो; मायना मात्र ४० बाइट. हिशेब केला तर सेकंदास मजकुराचे १२.२ किलोबिट आणि मायन्याचे १६! आयपीच्या सहाव्या आवृत्तीत मायना ६० बाइटांवर जाऊन हा आकडा २४ होतो. मर्यादित रेडिओपट्ट्यावर हा भार परवडणारा नव्हे.

व्हॅन जेकबसन यांनी १९९० मध्ये मंदगती तारांसाठी तोड काढली. पहिला मायना पूर्ण पाठवावा, पलीकडच्या यंत्राने तो स्मरणात ठेवावा, पुढे फक्त फरक कळवावा. ४० बाइटांचे काम बहुधा तीनांत होऊ लागले. तथापि एक पॅकेट हरवले की स्मरण बिघडे व पुढील मायने चुकीचे उलगडत. तारेवर हे क्वचित घडे, रेडिओलहरींवर वारंवार. म्हणून २००१ मध्ये ‘रोबस्ट हेडर कॉम्प्रेशन’ ही पद्धती प्रसिद्ध झाली. तिच्यात संक्षेपासोबत पडताळ्याचे काही बिट जातात. मेळ न बसल्यास घेणारे यंत्र अधिक तपशील मागवू शकते. अनुकूल स्थितीत मायना एका बाइटावर येतो. चौथ्या पिढीच्या जाळ्यांवरील संभाषणात हीच पद्धती योजिली गेली. भारतात अशा संभाषणाचा व्यापक प्रसार २०१६ मध्ये जिओच्या आगमनानंतर झाला.

मोडी दप्तराच्या अभ्यासकाला मात्र पूर्ण मायना पुन्हा मागविता येत नाही. ‘छ’पुढे अंक आणि महिना असतो; गाळलेला सन त्याला मजकुरातील प्रसंगांवरून आणि इतर पत्रांवरून बसवावा लागतो.