बिनपगारी आणि बिनबदली

नोकरदार माणसाच्या आयुष्यात ‘बदली’ या शब्दाला जे स्थान आहे, ते फारतर मधुमेहाला असेल. बँकेत वीस वर्षं काढल्यावर माझ्या माहितीत बदली न होणाऱ्या गोष्टी दोनच उरल्या होत्या : साहेबांचा स्वभाव आणि शाखेतला पाण्याचा माठ. त्यात तिसरी भर पडली ती एका फुटबॉल क्लबाची. क्रॉसमग्लेन रेंजर्स त्याचं नाव.

क्रॉसमग्लेन हे उत्तर आयर्लंडमधल्या आर्मा परगण्याच्या दक्षिण टोकाचं, सरहद्दीला खेटून बसलेलं गाव. वस्ती दीड हजाराच्या आसपास. म्हणजे एक तारखेला आमच्या काउंटरसमोर जेवढी गर्दी असते, तेवढीच जवळजवळ.

१८८४ च्या १ नोव्हेंबरला थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात मायकेल क्यूसॅक नावाचे शिक्षक आणि आणखी मूठभर मंडळी जमली. इंग्रजांचे खेळ बोकाळले, आपले बुडाले, अशी त्यांची तक्रार होती. तक्रार करायला हॉटेलात माणसं आपल्याकडेही जमतात. पण चहा संपला की उठतात. या मंडळींनी उठण्यापूर्वी गेलिक खेळांची देशव्यापी संघटना काढली. तीनच वर्षांनी, १८८७ साली, क्रॉसमग्लेनचा क्लब निघाला.

या फुटबॉलमध्ये एका बाजूला पंधरा गडी. चेंडू हातातही घेता येतो. पण चार पावलांच्या आत तो जमिनीवर आपटायचा किंवा स्वतःच्याच पायावरून उडवून परत झेलायचा. चेंडू आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर तीन गुण, वरून गेला तर २०२४ पर्यंत सरसकट एक. चुकलेल्या नेमालाही किंमत देणारा हा खेळ मला पाहताक्षणी आवडला.

पण खरी गंमत नियमांपेक्षा रिवाजात आहे. खेळल्याबद्दल पगार नाही. आणि ज्या गावचे तुम्ही, त्या गावासाठी खेळायचं. शेजारचा क्लब चार पैसे जास्त देतो म्हणून तिकडे जावं म्हटलं, तर तिथंही कुणी दमडी देत नाही! त्यामुळे बाप खेळला त्या मैदानावर मुलगा खेळतो आणि आजोबा बाहेरून दोघांच्याही चुका काढतात.

आता या मैदानाचीच गोष्ट ऐका. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटिश सैन्यानं क्लबाच्या जागेचा काही भाग ताब्यात घेतला. बाजूलाच छावणी उभी राहिली आणि मैदानावरून हेलिकॉप्टरं ये-जा करू लागली. सातबारा एकाचा, वहिवाट दुसऱ्याची! हा प्रकार आपल्याला नवा नाही. पण इथं वहिवाटदाराकडे बंदुका होत्या. त्या तीस वर्षांच्या यादवीत साडेतीन हजारांहून जास्त माणसं मेली. दक्षिण आर्मात सैनिक मेले, गावकरीही मेले. इकडे खेळाच्या संघटनेच्या घटनेतही ब्रिटिश सैनिकांना आणि उत्तरेतल्या पोलिसांना सभासदत्व नाकारणारं कलम होतं. ते २००१ साली रद्द झालं. एवढं सगळं चालू असताना क्लब मात्र उरलेल्या जागेत खेळत राहिला. ‘जागा पूर्ण मिळाल्यावर बघू,’ असं कुणी म्हणालं नाही. आमच्या सोसायटीत या एका वाक्यावर बॅडमिंटन कोर्ट अकरा वर्षं थांबलेलं आहे.

मग जमेची बाजू भरू लागली. १९९६ पासून २००८ पर्यंत सलग तेरा वर्षं आर्माचं अजिंक्यपद याच गावानं घेतलं. अखिल आयर्लंड क्लब अजिंक्यपदं सहा : १९९७, १९९९, २०००, २००७, २०११ आणि २०१२. त्यांतल्या २००७ आणि २०१२ मध्ये अंतिम सामना बरोबरीत सुटला, म्हणून तो पुन्हा खेळून जिंकला. बॅलन्स जुळला नाही तर रात्री थांबून पुन्हा बेरीज करायची, ही आमचीच पद्धत. १९९९ साली दुसरं अजिंक्यपद आलं आणि त्याच वर्षी ताब्यातली जागाही परत मिळाली. या नोंदीपुढे व्याजाचा रकाना ठेवलेला नाही.

पहिल्या तीन अजिंक्यपदांच्या वेळचे प्रशिक्षक जो कर्नन. ते पुढे आर्मा परगण्याचा संघ तयार करू लागले. १९७७ च्या अंतिम सामन्यात ते स्वतः खेळून हरले होते. २००२ च्या अंतिम सामन्यात आर्मा मध्यंतराला मागे होता, तेव्हा कर्नननी १९७७ चं उपविजेतेपदाचं स्मृतिचिन्ह बाहेर काढलं आणि ते खोलीच्या भिंतीवर फेकून फोडलं. पंचवीस वर्षं सांभाळलेली ठेव मुदतीआधी मोडली म्हणा ना! उत्तरार्धात क्रॉसमग्लेनच्याच ओशीन मॅकॉनव्हिलनं गोल केला. पूर्वार्धात त्यानंच पेनल्टी घालवली होती. बलाढ्य केरी एका गुणानं हरला आणि आर्माला इतिहासातलं पहिलं अखिल आयर्लंड अजिंक्यपद मिळालं.

मला वाटतं, या यशाचं कारण साधं आहे. बाहेरून माणूस आणायची सोय नाही, म्हणून दारातलं पोर घडवावं लागतं. दुसरीकडे जायची सोय नाही, म्हणून असलेल्या जागेवर, ती अर्धी असली तरी, जीव लावावा लागतो.

हे आमच्या हेड ऑफिसला कळवावं, असं मनात आलं होतं. पण दोन मुद्द्यांपैकी त्यांना बदलीचा नंतर पटेल आणि पगाराचा आधी. तेव्हा तूर्त गप्प आहे.