उद्योगाचे भांडवल : कर्ज, हिस्सा आणि कर

मोहाडी तालुक्यातील करडीच्या परिसरात धान पिकते, तालुक्यात कोसाही विणला जातो. कच्चा माल आहे, कसब आहे. आपल्या तरुणांचे अडते ते भांडवलापाशी. नावावर शेती नाही, तारण नाही. म्हणून पैसा कोणत्या रूपात मिळतो, हे आपण आधी समजून घेतले पाहिजे.

कर्ज की हिस्सा?
धंदा बुडाला तरी कर्जाचा हप्ता चुकत नाही. व्हेंचर कॅपिटलमध्ये गुंतवणूकदार कंपनीत हिस्सा घेतो. नफ्यासोबत तोटाही वाटून घेतो. यश अनिश्चित असलेल्या नव्या कल्पनेला हाच पैसा मानवतो. केंद्र सरकारने १६ जानेवारी २०१५ रोजी अनुसूचित जातींच्या उद्योजकांसाठी व्हेंचर कॅपिटल फंड सुरू केला. त्यातच ३० सप्टेंबर २०२० पासून आंबेडकर सोशल इनोव्हेशन अँड इन्क्युबेशन मिशन आले. निवडलेल्या तरुणांच्या कल्पनेला ३ वर्षांत ३० लाख रुपये भागभांडवल देण्याची त्यात तरतूद झाली. १९९० च्या दुरुस्तीमुळे अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही हा हक्क आहे. मात्र हिस्सा घ्यायचा तर आधी नोंदणीकृत कंपनी लागते.

मार्जिन मनी
२०१६ च्या स्टँड अप इंडिया योजनेला जोडून राज्याने अनुसूचित जाती व नवबौद्ध नवउद्योजकांसाठी मार्जिन मनी योजना आणली. तिचे सूत्र असे : ४० लाखांची राईस मिल असेल तर स्वतःचे १० टक्के म्हणजे ४ लाख, राज्याचे १५ टक्के म्हणजे ६ लाख, बँकेचे ३० लाख. खरी अडचण त्या पहिल्या ४ लाखांचीच. योजनांच्या अटी व मुदती बदलतात; अर्जाआधी भंडाऱ्याच्या समाजकल्याण कार्यालयात आणि जिल्हा उद्योग केंद्रात विचारावे.

कर
वस्तूंच्या व्यवसायात वार्षिक उलाढाल ४० लाखांपर्यंत असल्यास साधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. पण आयकर विवरणपत्र दरवर्षी भरावे, कर शून्य आला तरी. बँकेपुढे तोच उत्पन्नाचा पुरावा असतो. २०१२ चा एंजल टॅक्स नवउद्योगांना मिळालेल्या गुंतवणुकीवरच कर लावत होता. २०२४ च्या अर्थसंकल्पात तो रद्द झाला.

बाबासाहेबांनी १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर आणि १९२५ मध्ये प्रांतिक वित्तव्यवस्थेवर ग्रंथ लिहिले. पैशाचे व्यवहार समजून घेणे हे चळवळीचे जुनेच काम आहे. जातीचा दाखला, विवरणपत्र आणि प्रकल्प अहवाल या तीन कागदांसाठी गावोगावच्या कार्यकर्त्यांनी तरुणांना मदत करावी, असे आम्हाला वाटते.