साखर पाच सेकंदांत कळते, मग डेंग्यूला दिवस का लागतो?

पावसाळ्यात नाशिकच्या दवाखान्यांत तापाचे रुग्ण वाढतात आणि एक प्रश्न हमखास कानावर येतो: "डॉक्टर, साखर घरच्या मशीनवर पाच सेकंदांत कळते. मग डेंग्यूच्या रिपोर्टसाठी उद्यापर्यंत का थांबायचं?"

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर गेल्या साठ-सत्तर वर्षांच्या इतिहासात सापडते. त्यातला महत्त्वाचा भाग आपल्यापासून दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरवर, पुण्यात घडला. तो समजला की हातातला रिपोर्टही नीट वाचता येतो.

बाटलीतल्या पेशी

१९५२ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू केले. तीच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे आपली 'एनआयव्ही'.

१९६५ मध्ये नागपुरात चिकुनगुन्या आणि डेंग्यूची साथ आली. त्या वेळी तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या या केंद्रातील पी. एन. भट्ट आणि एफ. एम. रॉड्रिग्ज यांना एक वेगळाच विषाणू सापडला. नागपुरातल्या ज्या भागातून तो मिळाला, त्याचेच नाव त्याला दिले गेले: चंडीपुरा.

तेव्हा विषाणू ओळखायचा म्हणजे तो वाढवून पाहायचा. काचेच्या बाटलीत जिवंत पेशी वाढवायच्या, त्यात रुग्णाचे रक्तद्रव घालायचे आणि पेशी मरतात का, याची रोज सूक्ष्मदर्शकाखाली पाहणी करायची. विषाणू कोणता हे ठरेपर्यंत रुग्ण एक तर बरा झालेला असे, नाहीतर दगावलेला. ही पद्धत संशोधनाला मोलाची होती, पण खाटेवरच्या रुग्णाला तिचा उपयोग फारसा नव्हता.

उशिराची किंमत काय असते, ते याच विषाणूने पुढे दाखवले. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात ३२९ मुलांना मेंदूज्वर झाला आणि त्यांतली १८३ मुले गेली. कारण चंडीपुरा असल्याचे एनआयव्हीच्या तपासण्यांतून पुढे आले. या आजारात मूल एक-दोन दिवसांत हातचे जाऊ शकते.

रंग बदलणारी प्लेट

१९७१ मध्ये स्वीडनमध्ये एंगवाल आणि पर्लमन यांनी 'एलिझा' ही पद्धत मांडली. नेदरलँड्समध्येही त्याच सुमारास तसेच काम झाले. कल्पना सोपी आहे. प्लास्टिकच्या छोट्या खळग्याच्या तळाशी असे प्रथिन चिकटवायचे, की जे नेमक्या आपल्या लक्ष्यालाच पकडेल. पकडले गेले की त्याला एक विकर, म्हणजे एन्झाइम, जोडायचे. विकर रंग तयार करते. रंग आला की तपासणी पॉझिटिव्ह. विषाणू वाढवण्याची गरजच उरली नाही.

भारतात या रंगाने इतिहास घडवला तो १९८६ मध्ये. चेन्नईच्या (तेव्हाच्या मद्रासच्या) प्राध्यापक डॉ. सुनीती सोलोमन, माहेरच्या गायतोंडे, म्हणजे मराठी घरातल्या. एचआयव्ही आपल्याकडे नाहीच, असे तेव्हा बहुतेकांना वाटत होते. त्यांची विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले आणि बर्फाच्या डब्यातून रेल्वेने वेल्लोरला नेले, कारण एलिझाची सोय तिथे होती. सहा खळगे पिवळे झाले. अमेरिकेत दुसऱ्या पद्धतीने खातरजमा झाली आणि देशाला एचआयव्ही मान्य करावा लागला. पुढे रक्तपेढीतल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्हीसाठी तपासणी सक्तीची झाली.

डेंग्यूच्या निदानासाठी देशभरातल्या सरकारी केंद्रांना एलिझाचे किट एनआयव्हीच तयार करून पुरवते. पण प्लेटमध्ये ९६ खळगे असतात. प्लेट लावायला काही तास आणि प्रशिक्षित माणूस लागतो. दोन-चार नमुन्यांसाठी ती लावणे परवडत नाही, म्हणून नमुने साठेपर्यंत थांबावे लागते. 'उद्या या' यामागे बऱ्याचदा एवढेच कारण असते.

साखरेची पट्टी मात्र पुढे गेली

१९६२ मध्ये अमेरिकेत लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी विद्युताग्रावर, म्हणजे इलेक्ट्रोडवर, साखरेशी क्रिया करणारे विकर बसवण्याची कल्पना मांडली. साखर जितकी जास्त, तितका विजेच्या प्रवाहातला बदल जास्त. जैविक पदार्थाने ओळखायचे आणि विजेने मोजायचे, हेच 'इलेक्ट्रोकेमिकल बायोसेन्सर'चे तत्त्व. १९८७ मध्ये या तत्त्वावरचे पेनाएवढे घरगुती यंत्र बाजारात आले. तुमचा ग्लुकोमीटर त्याच घराण्यातला.

मग विषाणूची पट्टी का नाही? तीन अडचणी आहेत.

पहिली, प्रमाण. एक मिलिलिटर रक्तात साधारण एक मिलिग्रॅम साखर असते. एचआयव्हीचे पी२४ हे प्रथिन लागण झाल्यावर सुरुवातीला पिकोग्रॅमच्या हिशेबात शोधावे लागते, आणि एक मिलिग्रॅम म्हणजे शंभर कोटी पिकोग्रॅम.

दुसरी, साखरेचे विकर साखर ओळखते आणि तिच्याशी क्रियाही करते, त्यातूनच वीज मिळते. विषाणूला पकडणारे प्रतिपिंड नुसतेच पकडते. वीज निर्माण करायला वेगळी जोडणी लागते, मध्ये धुवावेही लागते.

तिसरी, रक्त. त्यातली असंख्य प्रथिने विद्युताग्राला चिकटतात आणि खरा क्षीण संकेत झाकून टाकतात. प्रयोगशाळेत स्वच्छ द्रावणात उत्तम चालणारे सेन्सर प्रत्यक्ष रक्तात इथेच अडखळतात.

तरी वीज या क्षेत्रात शिरली आहे. मोठ्या लॅबच्या एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस बीच्या रिपोर्टवर 'ईसीएलआयए' असे लिहिलेले दिसेल. त्यात विद्युताग्रावर दाब दिला की रसायन प्रकाश देते आणि यंत्र तो मोजते. हृदयविकारात वाढणारे ट्रोपोनिन विद्युतप्रवाहावरून मोजणारी हातात मावणारी यंत्रेही रुग्णालयांत आहेत. डेंग्यूसाठी तसे यंत्र बनवण्याचे प्रयत्न सुरू आहेत, पण ग्लुकोमीटरइतके स्वस्त, भरवशाचे साधन अजून आपल्या हाती आलेले नाही.

मग रुग्णाने काय करावे?

या सगळ्या इतिहासात पद्धती बदलल्या, पण एक गोष्ट बदलली नाही: रक्तात जे त्या दिवशी पुरेसे नाही, ते कोणतेही यंत्र दाखवू शकत नाही. म्हणून लॅबमध्ये ताप कितव्या दिवशीचा आहे, ते नक्की सांगा. पहिल्या पाच दिवसांत विषाणूचे 'एनएस१' प्रथिन शोधतात, त्यानंतर शरीराने बनवलेले 'आयजीएम' प्रतिपिंड. दुसऱ्या दिवशी केलेले आयजीएम निगेटिव्ह आले, म्हणून डेंग्यू नाही असे होत नाही. एचआयव्हीच्या बाबतीतही लागणीनंतरचे पहिले काही आठवडे असेच फसवे असतात, त्यालाच 'विंडो पिरियड' म्हणतात. झटपट कार्ड तपासणी सोयीची आहे, पण खात्रीसाठी एलिझा करून घ्यावी.

आणि रिपोर्टची वाट पाहताना रुग्णाकडे लक्ष ठेवा. डेंग्यूत धोका बहुधा ताप उतरू लागतो तेव्हाच सुरू होतो. पोटात जोरात दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, लघवी कमी होणे, गुंगी किंवा तगमग यांपैकी काहीही दिसले, तर रिपोर्ट येवो न येवो, लगेच रुग्णालय गाठा. त्या वेळी उपचार लक्षणे पाहून सुरू होतात, रिपोर्टसाठी थांबत नाहीत.